थंडीतले विरजण

मार्गशीर्ष लागला, की आमच्या लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली स्वयंपाकघरातली : दही लागत नाही. दुसरी बैठकीतली : मन लागत नाही. पहिल्या तक्रारीवर प्रत्येक गृहिणीपाशी तोडगा असतो. कोणी भांडे पिठाच्या डब्यात खुपसून ठेवते, कोणी जुन्या शालीत गुंडाळते. दुसऱ्या तक्रारीवर मात्र कोणीच काही सांगत नाही. 'थंडीचे दिवस आहेत, चालायचेच,' असे म्हणून आपण पुन्हा रजईत शिरतो. या दोन तक्रारींचा एकत्र विचार करण्याचे मला एरवी काही कारण नव्हते. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात तो करणे भाग पडले. त्याचीच ही हकीकत आहे.

आमची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगून पटत नाही. ग्वाल्हेर पडले सव्वीस अंश अक्षांशावर. जूनमध्ये इथला दिवस पावणेचौदा तासांचा असतो, तो डिसेंबरच्या अखेरीस साडेदहा तासांवर येतो. त्यातही पौषात धुके उतरले, की हे साडेदहा तास केवळ पंचांगापुरते उरतात. दुपारचे बारा वाजले तरी सूर्याचा पत्ता नसतो, आणि एवढा थोरला किल्ला डोक्यावर असून दिसत नाही. पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत घसरतो. शिवाय आमचे जुने वाडे बांधले ते उन्हाळ्याच्या धास्तीने. जाड भिंती, उंच छत, लहान खिडक्या. मे महिन्यात ज्या खोलीला आपण दुवा देतो, तीच खोली जानेवारीत तळघरासारखी अंधारी आणि गार होते.

माझे वडील शिंदे सरकारच्या दरबारी गवयांत दाखल झाले ते अगदी अखेरच्या दिवसांत. साल १९४५, वय अठरा. पुढे तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि दरबार संपला. नोकरी तीन वर्षांची झाली, शिस्त मात्र जन्मभर पुरली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मी त्यांना झालो तो त्यांच्या पन्नाशीनंतर, त्यामुळे माझ्या आठवणीतले अण्णा पांढऱ्या केसांचेच. हिवाळ्यात पहाटे चार वाजता ते कानटोपी घालून, अंगाभोवती घोंगडी लपेटून बसत, आणि तासभर केवळ खर्ज भरीत. शेगडी असे, पण ती उघड्या दाराशी. बंद खोलीत कोळसे ठेवले तर माणूस झोपेतच जातो, हे ते आम्हांला दर वर्षी बजावीत. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून तशी बातमी येतेच, म्हणून मीही इथे ते पुन्हा सांगून ठेवतो. आमची भावंडे घड्याळाने कधी उठली नाहीत. भिंतीतून तो षड्ज पाझरत येई, आणि त्यानेच जाग येई.

त्यांचे दुसरे व्रत पथ्याचे. दसऱ्यापासून होळीपर्यंत घरात दही नाही, ताक नाही, चिंचेचे सार नाही. आईला कढीची फार आवड होती. ती शेजारी जाऊन खाऊन येई, आणि अण्णांना ते ठाऊक असूनही ते तसे दाखवीत नसत.

२०२२ सालच्या कार्तिकात अण्णा गेले. पंचाण्णव वर्षांचे होते. आई आधीच गेलेली. पंचाण्णवाव्या वर्षी गेलेल्या माणसाचा शोक करायलाही संकोच वाटतो. भेटायला येणारे 'सोने झाले' म्हणतात, आणि आपणही मान डोलावतो. माझे वय त्रेचाळीस. पोरके झालो असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दिवसकार्य आटोपले, पाहुणे परतले, चिरंजीव पुण्याला आपल्या कॉलेजात गेले, आणि धुके उतरले.

सवयीने चारला जाग येई. मी कान देऊन पडून राही. भिंत गप्प असे. मग रजई डोक्यावरून ओढून घ्यायची, ती नऊ वाजेपर्यंत. तंबोऱ्याची गवसणी काढलीच नाही. सौभाग्यवतीने विचारले, तर 'घसा धरला आहे' असे सांगितले. एकदा सांगितलेले खोटे दुसऱ्यांदा सांगायला जड जात नाही. पुढे संध्याकाळी एखाद्या विद्यार्थ्याच्या आईचा फोन येई, 'थंडी फार आहे, आज पाठवीत नाही.' तो फोन ठेवताना मला बरे वाटू लागले. शिकवणे हेच ज्याचे पोट आणि तोच ज्याचा वारसा, त्याला विद्यार्थी न आल्याने बरे वाटावे, याची लाज अजून जात नाही. चाळीस-बेचाळीस दिवस माझ्या गळ्यातून एक शुद्ध स्वर निघाला नाही.

अशा वेळी केफिर घरात आले.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत शिकत होती. सुट्टीत घरी आली होती, ती भेटायला आली. हातात काचेची लहानशी बरणी, आत थोडेसे दूध, आणि दुधात फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पांढरे, रबरी दाणे. मला वाटले नासलेले पनीर असावे.

"गुरुजी, हे केफिरचे दाणे," ती म्हणाली. "यांना रोज ताजे दूध लागते. रोज गाळायचे, रोज नवे दूध घालायचे. एवढेच."

"आणि नाही घातले तर?"

"एक-दोन दिवस सोसतात. पुढे उपाशी मरतात."

मी म्हटले, "बाई, हे आंबट प्रकरण. अण्णांच्या घरात, तेही पौषात!"

ती काही बोलली नाही. बरणी मात्र ठेवून गेली.

केफिर ही मूळची काकेशस पर्वताच्या रहिवाशांची वस्तू. तिथले लोक कातडी पिशवीत दूध घालून त्यात हे दाणे सोडीत. ती पिशवी दाराजवळ टांगलेली असे, आणि येणारा-जाणारा तिला एक धक्का देऊन पुढे जाई, म्हणजे दूध आपोआप घुसळले जाई, असे सांगतात. हे दाणे खुद्द प्रेषिताने दिले, अशी तिकडे आख्यायिका आहे. केफिर या नावाचा संबंध काही जण तुर्की 'केयिफ' शब्दाशी जोडतात. हा 'केयिफ' म्हणजे आपल्या 'कैफ' शब्दाचाच भाऊबंद. पुढे रशियाने हे पेय उचलले, आणि आज तिथे ते घरोघरी आहे.

आपले दही आणि हे केफिर यांत फरक आहे. दह्याचे काम मुख्यतः जिवाणू करतात, आणि त्यांना ऊब हवी असते. दूध चाळीस अंशांच्या आसपास राहिले तर चार-सहा तासांत लागते, आणि म्हणूनच आपल्या थंडीत ते हटून बसते. केफिरच्या दाण्यात जिवाणूंबरोबर किण्वेही असतात, म्हणजे पावाचे पीठ ज्यांनी फुगते त्या जातीची. हे सारे एका चिकट जाळ्यात एकत्र नांदतात. त्यांना वीस ते पंचवीस अंशांची हवा मानवते, आणि काम पुरे व्हायला साधारण एक दिवस लागतो. चमचाभर दाण्यांना दोन पेले दूध पुरते. दूध तापवून पुरते निववलेले असावे, कारण गरम दुधात दाणे मरतात. तयार झालेले पेय ताकाहून दाट, दह्याहून पातळ, आणि जिभेला किंचित चुणचुणणारे असते. ही चुणचुण किण्वांनी सोडलेल्या वायूची. त्याच कामात थोडा मद्यार्कही तयार होतो, सहसा शेकडा एकाहून कमी. आमच्या शेजारच्या काकूंना मी हे प्रामाणिकपणे सांगितले, तेव्हा त्यांनी चतुर्थीपासून एकादशीपर्यंतचे सगळे उपवास मोजून ते आपल्या घरी येऊ द्यायचे नाही असे ठरवले.

दह्याचे विरजण फार दिवस दुरावले तरी शेजारून चमचाभर मागून आणता येते. केफिरच्या दाण्याचे तसे नाही. ते नुसत्या दुधापासून घरी तयार होत नाहीत, दाण्यांपासूनच दाणे वाढतात. कोणाच्या तरी घरून ते आपल्या घरी यावे लागतात, त्यांच्या घरी आणखी कोणाकडून आलेले असतात, आणि ही साखळी मागे कुठवर गेली आहे हे सांगता येत नाही. हे मला त्या मुलीने सांगितले, तेव्हा मी नुसता 'हं' म्हणालो. पण गवयाच्या घरात जन्मलेल्या माणसाला ते समजायला वेळ लागत नाही.

पहिला आठवडा फजितीचा गेला. स्वयंपाकघरातला पारा दहाच्याही खाली. दोन दिवस झाले तरी दूध जसेच्या तसे. मग मी बरणी शेगडीजवळ ठेवली, तर चोथा एकीकडे आणि निवळी दुसरीकडे झाली. एकदा गाळलेले पितळी भांड्यात ओतले. त्याची कल्हई उडाली होती, म्हणून सगळे कळकले आणि ओतून द्यावे लागले. काच, चिनी माती किंवा पोलादाचे भांडे घ्यावे, हा धडा त्यातून मिळाला. सौभाग्यवती दारात उभी राहून हे सारे पाहत होती. ती हसली. घरात कोणी हसल्याचे ते महिन्याभरात पहिलेच.

अखेर एक जागा सापडली. आमची गाण्याची खोली वाड्याच्या मध्यभागी, दोन बाजूंनी भिंतींच्या आत दडलेली, त्यामुळे ती इतर खोल्यांपेक्षा ऊबदार. बरणी तिथे ठेवायचे ठरले. गुंडाळायला काही जाड हवे होते. हाताशी अण्णांच्या तंबोऱ्याची जुनी गवसणी होती, रुईभरली, विटलेल्या लाल कापडाची. क्षणभर हात अडला. मग मीच स्वतःला म्हटले, नाही तरी रिकामीच पडली आहे. बरणी तिच्यात गुंडाळली आणि तंबोऱ्याशेजारी कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी दूध सुरेख लागले.

आता रोज पहाटे त्या खोलीत जाणे आले. तसे पाहता हे गाळणे दुपारीही चालले असते, पण जाग चारला येतच होती, आणि कामाला निमित्त मिळाले होते. दिवा लावायचा, गवसणी सोडायची, गाळणीतून दाणे वेगळे करायचे, नवे दूध घालायचे, पुन्हा गवसणी बांधायची. दहा मिनिटांचे काम. उत्साह असो वा नसो, दाण्यांना त्याचे काही नसते. त्यांना दूध हवे असते.

काम झाले, की लगेच रजईत परतायला जीव होत नसे. म्हणून मी तिथेच बसून वाचू लागलो. नवे काही वाचण्याची ताकद नव्हती. आधी वाचलेले, शेवट ठाऊक असलेले तेवढेच चाले. चिं. वि. जोशांचा चिमणराव काढला. बडोद्याच्या महाविद्यालयात पालीचे अध्यापन करणाऱ्या या गृहस्थाने १९३० नंतरच्या काळात आपल्याला हसवायला सुरुवात केली, आणि तो चिमणराव अजून थकलेला नाही. मग पंडित भातखंड्यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे भाग काढले. १९१० पासून मराठीत निघालेला हा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादासारखा लिहिलेला आहे. त्यात शिष्य विचारीत राहतो आणि गुरू कंटाळत नाही. आमच्या गावच्या माधव संगीत विद्यालयाची १९१८ मध्ये उभारणी झाली ती याच पंडितांच्या मार्गदर्शनाखाली, म्हणून आमच्या घरात या ग्रंथाला मान. अण्णांनी समासात पेन्सिलीने जागोजाग खुणा केल्या होत्या. एके ठिकाणी नुसते 'छे!' एवढेच लिहिले होते.

पण त्या हिवाळ्यात मला खरा आधार दिला तो गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाने. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. वाटेत बंडाची धामधूम गाठ पडली. ते आमच्या ग्वाल्हेरात राहिले, झाशीच्या वेढ्यात सापडले, लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा लुटले गेले. शेवटी घरी पोचले तेव्हा द्रव्य फारसे नव्हते, पण गंगेची कावड होती, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. हे पुस्तक मी पूर्वी दोनदा वाचले होते, ते इतिहासासाठी. त्या पहाटे वाचले तेव्हा कावडीपाशी येऊन थांबलो. एवढे सगळे गमावलेला माणूस, पण ते पाणी त्याने सांडू दिले नव्हते.

पुस्तक मिटले. शेजारी तंबोरा होता. रात्रीच्या गारठ्याने एकही तार जागेवर नव्हती. लावायला अर्धा तास लागला, बोटे आखडली होती. मग खर्ज धरला. आवाज फाटका, श्वास अपुरा. राग वगैरे काही नाही, केवळ षड्ज. भिंतीपलीकडे सौभाग्यवती उठल्याची चाहूल लागली, पण ती खोलीत आली नाही. नंतर चहा देताना तिने एवढेच म्हटले, "घसा सुटला वाटते."

एवढ्याने सारे ठीक झाले असे मी म्हणणार नाही. पुढेही काही सकाळी केवळ दूध बदलले आणि परत फिरलो. माघात आमच्या डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की वडिलांचे जाणे हे एक, आणि उजेडाची उपासमार हे दुसरे. हिवाळ्यात उजेड कमी झाल्यामुळे काही माणसांना खरोखरच खिन्नतेचा विकार होतो. अमेरिकेत नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यावर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्स एवढ्या प्रखर दिव्यासमोर बसवण्याचा उपचार आहे. आपल्या खोलीतल्या दिव्याचा उजेड सहसा काहीशे लक्सही भरत नाही, आणि आकाश ढगाळ असले तरी गच्चीवर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. तेव्हा ऊन नाही म्हणून आत बसू नये, धुक्यातही वर जावे, असे त्यांनी सांगितले. आणि आठवडेच्या आठवडे मन उठत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर संकोच न करता डॉक्टरांकडे जावे, हेही बजावले. घसा धरला असता तर मी पहिल्याच दिवशी गेलो असतो.

तेव्हापासून माझा हिवाळ्याचा क्रम ठरून गेला आहे. पहाटे दाण्यांचे दूध, मग खर्ज, मग जुने पुस्तक. आठ वाजता गच्चीवर अर्धा तास, धुके असले तरी. केफिर प्यायचे ते दुपारी, कोमट पाण्याचे भांडे शेजारी ठेवून, जिरेपूड आणि सैंधव घालून. गाण्याआधी नाही, आणि सूर्यास्तानंतर तर मुळीच नाही. अण्णांचे पथ्य मी निम्मे मोडले आहे आणि निम्मे पाळतो. त्यांनी समासात 'छे!' लिहिले असते, याची मला खात्री आहे. दुधातली साखर दाणे बरीचशी खाऊन टाकतात, त्यामुळे ज्यांना साधे दूध बाधते अशा पुष्कळांना केफिर सोसते. मात्र गंभीर दुखणेकऱ्यांनी वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नये. त्याहून मोठे गुण त्याला चिकटवायला मी तयार नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. पारा पंचेचाळिसावर गेला, की काही तासांतच सगळे आंबून फसफसते. तेव्हा दाणे थोड्या दुधात घालून शीतकपाटात ठेवावे आणि आठवड्याने दूध बदलावे. ते मंद होतात, पण जगतात. दसरा झाला, की पुन्हा गवसणीत.

मुले आता वर्गाला येतात. परवाच एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला, 'थंडी आहे, आज पाठवीत नाही.' मी म्हटले, 'पाठवा. टोपी घालून पाठवा.'

दाणे वाढत जातात, आणि सारे घरात ठेवणे शक्य नसते. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरात म्हातारी गेली. तिची मुलगी एकटीच उरली. मी बरणी घेऊन गेलो. सांत्वनाचे बोलणे मला जमत नाही, म्हणून एवढेच सांगितले, की याला रोज दूध लागते. या वर्षीही दोन-तीन घरांना पुरतील एवढे दाणे आमच्याकडे आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी काचेची बरणी घेऊन सकाळी यावे. झाकण सैल असू द्यावे, आत वायू साठतो. गुंडाळायचे फडके मात्र आपल्या घरचे, कपाटात पडून असलेले एखादे जुनेच घ्यावे.